ओबर्लिनचा पहिला हंगाम

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं प्रश्न विचारला होता. कायदा आधी बदलतो की माणसं आधी बदलतात? मी तेव्हा म्हटलं, वेळ संपलेली आहे, पुढच्या वेळी बोलू. आता बोलतो, पण थोड्या आडवाटेनं. आज मी तुम्हाला एका कॉलेजच्या बेसबॉल संघाची गोष्ट सांगणार आहे. चेहरे पाहूनच कळतंय की तत्त्वज्ञानाचा माणूस बेसबॉलवर काय बोलणार, असा प्रश्न तुम्हाला पडला आहे. पण थोडं थांबा.

कॉलेजचं नाव ओबर्लिन. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवरापासून फार दूर नाही असं एक छोटं गाव. १८३३ साली ख्रिस्ती सुधारक मंडळींनी ते वसवलं आणि गावाबरोबरच कॉलेजही निघालं. १८३५ साली या कॉलेजनं ठरवलं की काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा. १८३७ साली मुलींना घेतलं. सालं लक्षात घ्या. आपल्याकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा १८४८ ची. ओबर्लिनमध्ये १८६२ साली मेरी जेन पॅटरसन ही काळी मुलगी बी.ए. झाली, तेव्हा अमेरिकेच्या अर्ध्या भागात तिच्यासारख्या माणसांची खरेदीविक्री चालू होती. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना कॅनडाकडे पोचवणाऱ्या गुप्त वाटेवरचं हे एक मोठं ठाणं होतं. १८५८ साली गुलाम पकडणाऱ्यांनी एका माणसाला ओबर्लिनमधून उचलून शेजारच्या वेलिंग्टनला नेलं, तर गावकरी आणि विद्यार्थी मिळून तिथं गेले आणि त्याला सोडवून आणलं. त्यासाठी पुढे खटले झाले, लोक तुरुंगात गेले.

एवढं पुरोगामी कॉलेज, पण खेळाच्या बाबतीत मात्र कडक सोवळं! इतर कॉलेजांशी बाहेर जाऊन सामने खेळायला बंदी होती. तशी कॉलेजांमधल्या बेसबॉलची सुरुवात १८५९ सालची. त्या वर्षीच्या १ जुलैला ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही मॅसॅच्युसेट्समधली दोन कॉलेजं पिट्सफिल्ड गावात एकमेकांशी खेळली आणि ॲमहर्स्टनं ७३ विरुद्ध ३२ असा विजय मिळवला. गंमत म्हणजे त्याच भेटीत दोन्ही कॉलेजांचा बुद्धिबळाचाही सामना झाला, आणि तोही ॲमहर्स्टनंच जिंकला. ही प्रथा पुढे का मोडली कोण जाणे. मला विचाराल तर चांगली होती. तर मुद्दा असा की ओबर्लिनची मुलं आपापसात खेळायची, हिरिरीनं खेळायची, पण गावाबाहेर जायचं नाही. ही बंदी १८८१ साली उठली आणि ओबर्लिनचा पहिला आंतरमहाविद्यालयीन संघ तयार झाला.

या संघाचा कॅचर होता मोझेस फ्लीटवूड वॉकर. ओहायोतलाच, १८५६ च्या ऑक्टोबरचा जन्म, स्टूबेनव्हिल गावात वाढलेला. वडील डॉक्टर होते. हा काळा मुलगा. ओबर्लिनमध्ये त्यानं घेतलेले विषय तत्त्वज्ञान आणि कलाशाखेचे होते, म्हणून त्याच्यावर माझा थोडा जास्त जीव आहे. पहिल्या वर्षी हुशार विद्यार्थी, यंत्रशास्त्र आणि वक्तृत्वकला यांत विशेष. दुसऱ्या वर्षापासून वर्गात क्वचितच दिसायचा. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत. त्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ वेल्डी हाही ओबर्लिनला आला आणि संघात आला. नऊ जणांत दोन भाऊ काळे, बाकी सात गोरे.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅचर म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक, पण यष्टी नाहीत. फलंदाजाच्या अगदी पाठीशी बसायचं आणि पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे गोलंदाजापासून यष्टिरक्षक त्याहूनही लांब. व्यावसायिक बेसबॉलमध्ये १८८१ साली पिचरचं अंतर ४५ फुटांवरून ५० फूट केलं होतं. चेंडू अजून खांद्याखालूनच टाकायचे, पण जोर भरपूर. आणि कॅचरच्या हातात आजच्यासारखा उशीएवढा मोजा नव्हता. कोणी बोटं कापलेले पातळ चामडी हातमोजे घालत, कोणी तेही नाही. वॉकर पुष्कळदा उघड्या हातांनी झेलायचा. बोटं मोडायची, नखं उपटायची, तळवे सुजायचे. तोंडावर लावायची तारेची जाळी तेवढी नुकतीच आली होती, आणि ती कॉलेजमधूनच आली बरं का. हार्वर्डच्या फ्रेड थेयर नावाच्या विद्यार्थ्यानं १८७७ साली तलवारबाजीचा मुखवटा पाहून ती बनवली. पण हातांना काही नव्हतं. म्हणून चांगला कॅचर मिळणं ही त्या काळी प्रत्येक संघाची अडचण असायची. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ओबर्लिनचा हा पहिला हंगाम चांगला गेला. ज्यांना त्यांनी हरवलं त्यांत मिशिगन विद्यापीठाचा संघ होता. ओबर्लिनचा पिचर हार्लन बर्केट यानं नंतर सांगून ठेवलं आहे की हंगामाच्या शेवटच्या सामन्यात वॉकर असा काही खेळला की मिशिगननं त्याला आपल्याकडे ओढायचं ठरवलं. आणि खरोखर त्या वर्षी तो ओबर्लिन सोडून ॲन आर्बरला गेला. तिथं त्यानं कायद्याच्या अभ्यासाला नाव घातलं.

आता मधल्या सुट्टीत काय झालं ते ऐका, कारण माझ्या आजच्या विषयाचं मर्म तिथं आहे.

त्या उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या व्हाइट शिलाई मशीन कंपनीच्या संघाकडून तो पैसे घेऊन खेळला. तेव्हाचे विद्यार्थी असं करायचे. २१ ऑगस्ट १८८१. संघ केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात भल्या सकाळी उतरला. हॉटेलात न्याहारीला गेले, तर हॉटेलवाल्यानं वॉकरला वाढायला नकार दिला. आता कायद्याचा प्रश्न पाहा. अमेरिकेच्या काँग्रेसनं १८७५ साली नागरी हक्कांचा कायदा केला होता. उतारशाळा, आगगाड्या, नाटकगृहं अशा ठिकाणी रंगावरून भेद करता येणार नाही, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं. १८८१ साली तो कायदा लागू होता. म्हणजे त्या सकाळी न्याहारीच्या टेबलाशी कायदा वॉकरच्या बाजूनं उभा होता आणि तरीही तो उपाशी उठला.

मग मैदान. समोर लुईव्हिलचा एक्लिप्स नावाचा संघ. त्यांनी सांगितलं की हा खेळणार असेल तर आम्ही खेळत नाही. क्लीव्हलंडनं माघार घेतली, वॉकरला बसवलं, दुसरा कॅचर उभा केला. एक डाव झाला आणि तो बदली कॅचर म्हणाला, माझ्या हातांची पार वाट लागली, मी आता उभा राहू शकत नाही. प्रेक्षकांना वॉकरचा खेळ बघायचा होता, त्यांनी त्याच्या नावानं ओरडा सुरू केला. हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे, कारण ‘लोकच तसे होते’ असं आपण फार सहज म्हणतो. वॉकर काहीशा अनिच्छेनं मैदानात आला, सरावाचे दोनचार चेंडू झेलले, फेकले. एक्लिप्सचे खेळाडू पुन्हा अडून बसले. अखेर क्लीव्हलंडचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू कॅचरच्या जागी उभा राहायला तयार झाला, तेव्हा कुठे खेळ पुढे चालला.

आता याच्या शेजारी मिशिगन ठेवा. मिशिगनच्या संघाची दुखरी जागा म्हणजे कॅचर. आधी तर त्यांनी भाडोत्री, अर्धव्यावसायिक कॅचर आणून वेळ भागवली होती. वॉकर आला आणि १८८२ च्या हंगामात मिशिगननं १० सामने जिंकले, ३ हरले. वॉकरची फलंदाजीची सरासरी .३०८ अशी नोंदलेली आहे, म्हणजे शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर साधारण ३१ वेळा यशस्वी फटका. हाडाच्या कॅचरला ही सरासरी फारच चांगली.

यावरून एखादा म्हणेल की बघा, गरज माणसाला शहाणं करते. मिशिगनला कॅचर हवा होता, त्यांनी रंग पाहिला नाही. उपयुक्ततावादी मंडळींचा हा आवडता युक्तिवाद, आणि आजचे अर्थशास्त्रज्ञही तो करतात. भेदभाव महाग पडतो, म्हणून स्पर्धा वाढली की तो आपोआप विरघळतो. मी हा युक्तिवाद वर्गात कित्येक वर्षं शिकवला आहे, त्याच्या बाजूनंही बोललो आहे. पण लुईव्हिलच्या मैदानावर तो पांगळा पडतो. तिथंही गरज होतीच की! कॅचरचे हात सुजले आहेत, प्रेक्षक मागणी करताहेत, उत्तम कॅचर दहा पावलांवर उभा आहे. एकच गरज, एकच खेळ, एकच माणूस, आणि वर्ष उलटायच्या आत दोन उलट निकाल. तेव्हा गरजेवरून सगळा उलगडा होत नाही. मिशिगनमध्ये आणि त्याआधी ओबर्लिनमध्ये दुसरं काहीतरी होतं. माझ्या मते ते ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे सवय. ओबर्लिनमध्ये १८८१ पर्यंत ४६ वर्षं काळी आणि गोरी मुलं एका बाकावर बसत आली होती. १८६५ च्या सुमारालाच तिथल्या मैदानात एक काळा खेळाडू पहिल्या बेसवर उभा राहायचा. वॉकरला संघात घेताना कोणाला धैर्य वगैरे दाखवावं लागलं नसणार. ॲरिस्टॉटल सद्गुणाला सवय म्हणतो ते विद्यार्थ्यांना पटवून देणं कठीण जातं, पण इथं ते दिसतं.

अर्थात ओबर्लिनची आरती ओवाळायचं कारण नाही. आणखी एक कॉलेज सांगतो. ऱ्होड आयलंडमधलं ब्राउन विद्यापीठ. १८७९ साली ब्राउनच्या संघानं कॉलेजांमधलं अजिंक्यपद मिळवलं. त्या संघात विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा विद्यार्थी होता. त्याच जूनच्या २१ तारखेला प्रॉव्हिडन्सच्या व्यावसायिक संघाला पहिल्या बेसवर माणूस कमी पडला, तर हा एक दिवस त्यांच्याकडून खेळून आला. आता संशोधकांनी शोधून काढलं आहे की हा जॉर्जियातल्या एका मळेवाल्याचा मुलगा आणि त्याची आई त्या मळेवाल्याचीच गुलाम, मिश्र रक्ताची बाई. म्हणजे जन्मानं हा गुलाम, आणि त्या काळच्या अमेरिकी हिशेबानं काळा. पण तो गोरा म्हणून वावरला, खानेसुमारीत गोरा म्हणून नोंदला गेला. मग मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू कोण, व्हाइट की वॉकर? यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत विचाराल तर या प्रश्नात वॉकरचंच नाव घ्यावं. व्हाइट मैदानात उतरला तेव्हा कुणाला काही सोसावं लागलं नाही, कुणाला काही ठरवावं लागलं नाही. लुईव्हिलला ठरवावं लागलं.

आता पुढचं भराभर सांगतो. १८८३ साली वॉकरनं शिक्षण अर्धवट सोडलं आणि टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज या व्यावसायिक संघात गेला. हंगाम सुरू व्हायच्या आधी लीगच्या बैठकीत पिओरियाच्या प्रतिनिधीनं ठराव आणला की काळे खेळाडू नकोत. चर्चा झाली, ठराव फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये शिकागोचा बलाढ्य संघ टोलेडोला आला. त्यांचा कर्णधार कॅप ॲन्सन, त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. तो म्हणाला, वॉकर मैदानात असेल तर आम्ही नाही. गंमत अशी की वॉकरचा हात दुखावलेला होता आणि त्या दिवशी त्याला विश्रांतीच द्यायची होती! टोलेडोच्या व्यवस्थापकाला राग आला, त्यानं मुद्दाम वॉकरला संघात घेतलं आणि सांगितलं, नसेल खेळायचं तर तिकिटांचा तुमचा वाटा विसरा. ॲन्सन निमूटपणे खेळला. इथं पैशाचा युक्तिवाद जिंकला, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८७५ चा तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आठ विरुद्ध एक. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन, आणि ते मूळचे केंटकीचे, म्हणजे लुईव्हिलच्याच राज्यातले.

१८८४ साली टोलेडोचा संघ मोठ्या लीगमध्ये गेला आणि १ मे रोजी वॉकर तिथला पहिला सामना खेळला. कुठे, तर लुईव्हिलला, त्याच एक्लिप्सविरुद्ध. त्या दिवशी त्याच्या हातून चार चुका झाल्या. चरित्रकार याची वेगवेगळी कारणं देतात, मी देत नाही. त्या हंगामात तो ४२ सामने खेळला. भाऊ वेल्डीलाही थोडे सामने मिळाले. टोलेडोचा मुख्य पिचर टोनी म्युलेन. कॅचरनं बोटांनी खूण करायची आणि पिचरनं त्याप्रमाणे चेंडू टाकायचा, ही बेसबॉलची रीत. पुष्कळ वर्षांनी म्युलेननं स्वतःच कबूल केलं की वॉकर हा त्यानं पाहिलेला सर्वोत्तम कॅचर, पण काळ्या माणसाच्या खुणेप्रमाणे चेंडू टाकणं त्याला मंजूर नव्हतं, म्हणून तो मनाला येईल तसा टाकायचा. आता कल्पना करा. उघडे हात, आणि पुढचा चेंडू कुठून येणार ते माहीत नाही. आपलाच सहकारी. तरी वॉकर ते चेंडू झेलत राहिला.

इथं बाळू पालवणकरांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. चांभार समाजातले, पुण्यात मैदानाची देखभाल करता करता गोरे साहेब सराव करायचे त्यांना गोलंदाजी टाकणारे बाळू. हिंदूंच्या संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी नियमित मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे दार हळूहळू उघडत गेलं. अमेरिकेत ते उघडं होतं आणि नंतर बंद झालं, आणि माझ्या दृष्टीनं या गोष्टीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच आहे.

कारण १४ जुलै १८८७. वॉकर तेव्हा न्यूआर्कच्या संघात. जॉर्ज स्टोव्ही नावाचा काळा पिचर त्याच संघात. शिकागोचा संघ सामन्याला आला आणि ॲन्सननं पुन्हा तेच म्हटलं. या वेळी न्यूआर्कनं दोघांनाही खेळवलं नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी सहा विरुद्ध चार मतांनी ठरवलं की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगांनी तर ठरावही केला नाही. कुठेही न लिहिलेली समजूत, आणि ती साठ वर्षं टिकली. १८७५ चा लिहिलेला कायदा सहा वर्षांनी एका न्याहारीपुरताही उपयोगी पडला नव्हता. मागच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना गुलामीतून मुक्त केल्याबद्दल. माझ्या पिढीतले काही विद्वान यावर हसायचे. म्हणायचे, फुल्यांना अमेरिकेची माहिती अपुरी होती. मला तसं वाटत नाही. १८७३ साली ती आशा खोटी नव्हती. आठ वर्षांनी ओबर्लिनच्या मैदानात ती चालतीबोलती होती. नंतर जे झालं त्यावरून आधीची आशा भाबडी ठरवणं हा इतिहासाकडे उलटं पाहण्याचा दोष आहे.

वॉकरचं पुढे काय झालं, हे विचारलं जाणारच. १८८९ पर्यंत तो सिराक्यूजकडून खेळला. त्यानंतर त्या लीगमध्ये काळा खेळाडू आला तो १९४६ साली, जॅकी रॉबिन्सन. १८९१ साली सिराक्यूजमध्ये गोऱ्यांच्या एका टोळक्यानं वॉकरला घेरलं, हाणामारीत त्याच्या चाकूनं एक जण मेला. खटला चालला, गोऱ्या ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. पुढे टपालातल्या चोरीबद्दल मात्र शिक्षा झाली, तुरुंगात एक वर्ष गेलं. त्यानं शोध लावले, पेटंटं घेतली, ओहायोतल्या कॅडिझ गावी नाटकगृह चालवलं, भावाबरोबर वृत्तपत्र काढलं. आणि १९०८ साली ‘आवर होम कॉलनी’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा निष्कर्ष असा की अमेरिकेत दोन वंश कधीही बरोबरीनं राहू शकणार नाहीत. काळ्यांनी आफ्रिकेत निघून जावं.

मी ते पुस्तक वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांना एकत्र राहता येतं, याचा पुरावा ज्याच्या आयुष्यातच होता, ओबर्लिनचा एक हंगाम आणि मिशिगनचा एक हंगाम ज्यानं अंगानं अनुभवला होता, त्यानंच हा निष्कर्ष काढावा? तर्कशास्त्राचा शिक्षक म्हणून मला वाटलं, याच्याकडे प्रतिउदाहरण होतं, यानं ते वापरलं नाही. मग वाटलं, त्यानं बाकीची सगळी उदाहरणंही मोजली असतील. अजून माझं यावर एक मत झालेलं नाही.

१९२४ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडमध्ये तो वारला. कबरीवर बरीच वर्षं दगड नव्हता. १९९० साली बसवला, तो ओबर्लिनच्या लोकांनी.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ या. मागे कोणीतरी हात वर केला आहे, हां, तुम्ही, बोला.